धोक्याची सूचना वर कशी पाठवायची, हे कोणत्या तासाला शिकवायचे?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाच्या ‘व्यवसाय संप्रेषण’ (बिझनेस कम्युनिकेशन) या विषयाच्या ६४ उत्तरपत्रिका तपासल्या. ‘संघटनेतील संप्रेषणाचे अडथळे सोदाहरण स्पष्ट करा’ असा त्यात एक प्रश्न होता. भौतिक, भाषिक, मानसिक आणि सामाजिक-सांस्कृतिक हे चार अडथळे बहुतेकांनी त्याच क्रमाने लिहिले होते आणि भौतिक अडथळ्याचे उदाहरण म्हणून जवळपास प्रत्येकाच्या उत्तरात यंत्राचा खडखडाट होता. यात मुलांना दोष देता येणार नाही, कारण गाइडमध्ये तसेच छापलेले आहे आणि वर्गात फळ्यावर हेच चार शब्द मीही लिहिले होते. पण ‘साहेबांना वाईट बातमी सांगण्याची भीती’ हा अडथळा एकाही उत्तरपत्रिकेत सापडला नाही. ज्याने कारखान्याच्या कार्मिक विभागात ३१ वर्षे काढली आहेत, त्याला हे खटकल्यावाचून राहत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे मी नाशिकमधील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर हा विषय शिकवतो. त्याआधीच्या नोकरीतील एक प्रसंग सांगितल्याशिवाय माझे म्हणणे स्पष्ट होणार नाही. आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देण्याच्या विभागात, एका पॉवर प्रेसला सेन्सर बसवलेला होता. कामगाराचा हात आत असेल तर मशीन आपोआप थांबावे, एवढेच त्याचे काम, आणि तोच अधूनमधून दगा देऊ लागला होता. रात्रपाळीच्या सुपरवायझरने तशी नोंद लॉगबुकात केली. दुसऱ्या रात्री पुन्हा केली. अशा अकरा नोंदी झाल्या आणि अकराही नोंदींखाली सकाळच्या पाळीच्या इंजिनिअरची सही होती. बाराव्या दिवशी एका कामगाराची दोन बोटे गेली. चौकशीत प्रत्येकाने आपापले कागद दाखवले आणि प्रत्येकाचे कागद बरोबर निघाले. लिहिणाऱ्याने लिहिले होते, पाहणाऱ्याने पाहिल्याची सही केली होती. ‘मशीन बंद ठेवा’ असे मात्र कोणीच म्हटले नव्हते, कारण मशीन बंद ठेवणे म्हणजे त्या पाळीचे उत्पादन सोडणे, आणि तो निर्णय आपण घ्यायचा आहे असे त्या साखळीतल्या एकालाही वाटले नव्हते. त्यानंतर ‘सर्व कामगारांनी सुरक्षिततेच्या नियमांचे काटेकोर पालन करावे’ असे एक परिपत्रक निघाले. त्याचा मसुदा माझाच होता. त्यातले एकही वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकीचे नव्हते आणि आज ते आठवले की मला लाज वाटते.

आता हाच प्रसंग पाठ्यपुस्तकातील संप्रेषण प्रक्रियेच्या आकृतीवर ठेवून पाहा. प्रेषक होता, संदेश होता, लॉगबुक हे माध्यम होते, ग्राहक, म्हणजे संदेश घेणारा, होता आणि सहीच्या रूपाने प्रतिसादही मिळाला होता. आकृतीतील वर्तुळ अकरा वेळा पूर्ण झाले होते. आम्ही शिकवतो त्या व्याख्येनुसार त्या कारखान्यात संप्रेषण अगदी यशस्वी झाले होते, असेच उत्तर विद्यार्थ्याला लिहावे लागेल आणि मला त्याला गुणही द्यावे लागतील.

सध्या वर्गात होते ते असे. पहिल्या काही तासांत संप्रेषणाची व्याख्या, प्रक्रिया आणि दिशा सांगितल्या जातात: अधोगामी, ऊर्ध्वगामी, समांतर, तिरकस. मग अनौपचारिक संप्रेषण येते, ज्याला मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘ग्रेपव्हाइन’ या इंग्रजी शब्दाबरहुकूम ‘द्राक्षवेल’ हे नाव दिले आहे. माझ्या वर्गात निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतली मुले असतात. त्यांना द्राक्षाची वेल छाटणीपासून काढणीपर्यंत माहीत असते, पण कुजबुजीला द्राक्षवेल का म्हणायचे ते त्यांना कळत नाही, आणि ‘कानोकान’ हा साधा शब्द वापरला तर परीक्षक गुण कापेल की काय याची मला धास्ती वाटते. त्यानंतर उरलेले बहुतेक सत्र नोकरीचा अर्ज, चौकशीपत्र, तक्रारपत्र, सभेची सूचना, विषयपत्रिका आणि इतिवृत्त यांच्या नमुन्यांत जाते. नमुने यावेत, याबद्दल वाद नाही. पण ऊर्ध्वगामी संप्रेषणाच्या, म्हणजे खालच्या माणसाने वरच्याला काही कळवण्याच्या, वाट्याला त्यात एक परिच्छेद येतो आणि त्याची साधने म्हणून अहवाल, तक्रार निवारण समिती व सूचनापेटी ही तीन नावे दिलेली असतात. आमच्या कारखान्याच्या फाटकाजवळ अशी एक सूचनापेटी होती. तिची किल्ली ज्या अधिकाऱ्याकडे असे, त्याच्याविषयीच लोकांच्या सर्वाधिक तक्रारी होत्या.

हॉथॉर्नच्या प्रयोगांचे उदाहरण घ्या, कारण व्यवस्थापनाच्या कोणत्याही भारतीय पाठ्यपुस्तकातून ते वगळलेले मी पाहिलेले नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात हे प्रयोग चालले. दिव्यांचा प्रकाश वाढवला तेव्हा उत्पादन वाढले आणि कमी केला तेव्हाही ते वाढले, एवढी गोष्ट विद्यार्थी पाठ करतात. त्याच कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, याचा मात्र वर्गात उल्लेखही होत नाही. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरावीक प्रश्न घेऊन बसत आणि कामगार ते प्रश्न बाजूला सारून आपल्याला सलणारी गोष्ट बोलू लागत. तेव्हा प्रश्नावली सोडून द्यावी आणि माणसाला बोलू द्यावे, असे ठरले. अर्ध्या तासाच्या मुलाखती दीड-दीड तास चालू लागल्या. हॉथॉर्नमध्ये संघटनात्मक संप्रेषणाच्या विद्यार्थ्याच्या खऱ्या उपयोगाचे काही असेल, तर ते या मुलाखतींत आहे. दिव्यांची गोष्ट सुटसुटीत आहे, पाच गुणांच्या उत्तरात मावते, म्हणून ती टिकली असावी.

याच कारणाने गेल्या तीन वर्षांपासून मी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन चार तास ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाच्या चौकशी अहवालासाठी राखून ठेवतो. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हे यान नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या जोडांमधील रबरी कडी थंडीत कडक होऊन गरम वायू बाहेर पडला, हे तांत्रिक कारण आता जगाला माहीत आहे. चौकशी आयोगाचे सदस्य रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात त्या रबराचा तुकडा बुडवून ते सर्वांसमोर दाखवले होते. आमच्या विषयाला महत्त्वाची आहे ती आदल्या रात्रीची दूरध्वनी बैठक. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते युटामध्ये, नासाचे अधिकारी अलाबामा आणि फ्लोरिडामध्ये, अशी ती बैठक झाली. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस, यापेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, असे कंपनीने प्रथम सांगितले. नासाच्या अधिकाऱ्यांनी त्यावर नाराजी दाखवली. कंपनीने आपसांत बोलण्यासाठी पाच मिनिटे मागितली, ती अर्ध्या तासावर गेली, आणि त्या अर्ध्या तासात अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला त्याच्या वरिष्ठाने अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले. मत चार व्यवस्थापकांनी दिले. अभियंत्यांना विचारले गेले नाही. कंपनी पुन्हा दूरध्वनीवर आली ती संमती घेऊनच. उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हातात होता, त्या नासाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत या मतभेदाची बातमी पोहोचलीच नव्हती, असे आयोगाने नोंदवले आहे.

यातला खलनायक शोधण्याची घाई विद्यार्थ्यांना असते. मी त्यांना थांबवतो आणि दुसरी एक गोष्ट दाखवतो. त्या रात्री अभियंत्यांनी जे तक्ते पाठवले, त्यांत आधीच्या सगळ्या उड्डाणांचे तापमान आणि कड्यांची स्थिती एकत्र मांडलेली नव्हती. आयोगाने नंतर ती मांडली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त तीन उड्डाणांत कड्यांना इजा झालेली होती आणि त्याहून थंड असलेल्या चारही उड्डाणांत ती झालेली होती. एवढे एक वाक्य त्या रात्री कोणी पुढे ठेवले असते, तर बैठक वेगळ्या वळणाने गेली असती की नाही, यावर वर्गात तासभर वाद होतो, आणि मला हवा असतो तो हा वाद. अभियंते घाबरट नव्हते. रॉजर बोइजोली या अभियंत्याने सहा महिने आधीच, ३१ जुलै १९८५ रोजी, जीवितहानी होऊ शकते असे कंपनीच्या वरिष्ठांना लेखी कळवले होते. म्हणजे लिहिणारा होता, धाडस होते, माहितीही होती. ती माहिती वरच्या माणसाला नाकारता येणार नाही अशा रीतीने मांडली गेली नव्हती आणि ती मांडण्यासाठी ज्याच्याकडे जायचे, तोच मधला माणूस उत्पादनाच्या आणि ग्राहकाच्या दबावाखाली होता. अकरा नोंदींच्या त्या लॉगबुकापासून हे फार दूर नाही.

यानंतर मी विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देतो. तुम्ही त्या रात्रीचे अभियंता आहात असे समजा आणि तुमच्या साहेबांना पाच ओळींचे पत्र लिहा, मराठीत. जे हाती येते ते वाचून दरवर्षी माझी झोप उडते. ‘महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय कळविण्यात येते की, सदर प्रकरणी काही प्रमाणात अडचणी संभवत असल्याने आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे.’ धोका चौथ्या ओळीत येतो, तोही ‘अडचणी’ हे नाव घेऊन. उड्डाण करू नका, असे कोणी लिहीत नाही. आणि हे विद्यार्थी आळशी नाहीत. त्यांनी बाराव्या इयत्तेपर्यंत जे नमुने पाहिले, घरात तलाठी कार्यालयाची किंवा सोसायटीची जी पत्रे पाहिली, त्यांचेच हे प्रतिबिंब आहे. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘कळविण्यात येते’ असे म्हटले की कोण कळवतो ते नाहीसे होते. ‘निदर्शनास आले आहे’ म्हटले की कोणी पाहिले ते नाहीसे होते. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हटले की काय करायचे ते नाहीसे होते. ‘माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव सादर’ या शेऱ्याने किती कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले असतील याची गणती नाही. भाषेचा हा साचा नम्रतेसाठी घडला असेलही, पण आज तो जबाबदारी अंगावरून झटकण्याच्या कामी येतो, आणि त्याला आमच्या अभ्यासक्रमात ‘औपचारिक शैली’ म्हणून गुण मिळतात.

हा प्रश्न इंग्रजी माध्यमाचा की मराठी माध्यमाचा, असा मी मुळीच मांडत नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हा विषय बहुधा इंग्रजीत शिकतो आणि कला शाखेचा विद्यार्थी व्यावहारिक मराठीत इतिवृत्त, टिपणी आणि परिपत्रक शिकतो. एकाच महाविद्यालयाच्या दोन मजल्यांवर चालणाऱ्या या दोन वर्गांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मात्र दोन्ही भाषा एकाच पाळीत लागतात. कामगार मराठीत किंवा हिंदीत सांगतो, सुपरवायझर ते अर्धे इंग्रजीत लिहितो आणि वरचा अधिकारी ते पूर्ण इंग्रजीत वाचतो. या दोन भाषांतरांत किती धोका गळून जातो याचा अभ्यास कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नाही.

असा निरोप मध्येच गळून गेला तर काय होते, याचे आपल्या देशातील भीषण उदाहरण १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात घडले. सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ ही विमाने एकमेकांवर आदळून ३४९ जण मरण पावले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्यास सांगितलेले होते आणि ते त्याखाली उतरले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत ही चूक नोंदवली गेलीच, पण त्या विमानातील इंग्रजीचे तोकडे ज्ञान आणि कर्मचाऱ्यांमधील समन्वयाचा अभाव यांवरही बोट ठेवले गेले. दिल्लीच्या नियंत्रण कक्षाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. नियंत्रकाला उत्तर मिळत होते, म्हणून संदेश पोहोचला असे त्याने धरले. इथेही आकृतीतील वर्तुळ पूर्ण झाले होते. हा अहवाल आपल्या देशातला आहे, आपल्या न्यायमूर्तींनी लिहिलेला आहे, तरी संप्रेषणाच्या भाषिक अडथळ्याचे उदाहरण म्हणून आमची पुस्तके अजूनही एका शब्दाचे दोन अर्थ देऊन मोकळी होतात.

महाराष्ट्रातली चांगली उदाहरणेही वर्गात येत नाहीत. मुंबईचे डबेवाले येतात, ते हार्वर्डने त्यांची दखल घेतली म्हणून; त्यांच्या डब्यावरील खुणांची पद्धत खरोखर विलक्षण आहे, पण ती सामान पोहोचवण्याची भाषा आहे, मतभेद पोहोचवण्याची नाही. त्याउलट १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी फेररचना केली, जुन्या कागदांची छाननी, बसण्याची नवी व्यवस्था, निर्णयाचे अधिकार खालच्या टेबलावर देणे, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. नस्ती, म्हणजे फाइल, किती हातांतून जाते, यावर निर्णय कधी होतो ते ठरते, हे त्यातून कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हेन्री फेयॉल या फ्रेंच व्यवस्थापकाने १९१६ मध्ये मांडलेला ‘पूल’ शिकवतात: दोन विभागांतील समान पातळीवरच्या माणसांनी, वरिष्ठांच्या संमतीने, थेट एकमेकांशी बोलावे. तो विद्यार्थी हे नाव पाठ करून तहसील कार्यालयात जातो, तिथे एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला कागदाला साहेबांच्या खोलीतून वळसा घालावा लागतो हे डोळ्यांनी पाहतो, आणि तरीही या दोन गोष्टींचा संबंध त्याला कोणी जोडून दाखवत नाही.

माझी सूचना खर्चिक नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, कर्तव्ये आणि निर्णय घेण्याची कार्यपद्धती, त्यातील पर्यवेक्षणाच्या व उत्तरदायित्वाच्या साखळीसह, स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. म्हणजे एखाद्या संघटनेत संदेश कसा फिरला पाहिजे याचा अधिकृत नकाशा विद्यार्थ्याला फुकट मिळू शकतो. त्याने आपल्या गावच्या नगरपरिषदेचा किंवा पंचायत समितीचा हा नकाशा घ्यावा, एखादी साधी तक्रार, उदाहरणार्थ बंद पडलेल्या हातपंपाची, प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने गेली ते शोधावे आणि दोन्ही मार्ग शेजारी शेजारी काढावेत. नव्या शैक्षणिक धोरणाखाली आता क्षेत्रप्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत. सध्या बहुतेक ठिकाणी त्यांतून उपस्थितीचे प्रमाणपत्र आणि स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल एवढेच बाहेर पडते. तेच दिवस एका संदेशाचा माग काढण्यात गेले, तर विद्यार्थी संघटनात्मक संप्रेषण शिकेल. आणि परीक्षेत ‘प्रकार सांगा’ या प्रश्नाऐवजी एखाद्या चौकशी अहवालातील दीड पानाचा उतारा देऊन, धोक्याची सूचना कोठे अडली आणि ती कशी लिहायला हवी होती, असे विचारावे.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला असा की प्रथम वर्षाच्या मुलांना हे झेपणार नाही. माझ्या वर्गाचा अनुभव उलट आहे. ज्या मुलाचा बाप कंपनीत कंत्राटी कामगार आहे त्याला या उताऱ्यातले सर्व काही पहिल्या वाचनात कळते, त्याला झेपत नाही ती व्याख्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वरिष्ठांना स्पष्ट लिहायला शिकवाल, पण स्पष्ट लिहिणाऱ्याचे नोकरीत काय होते? बोइजोली यांना चौकशीत खरे सांगितल्यानंतर कंपनीत एकाकी पडावे लागले, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. त्यामुळे पत्र कसे लिहावे याबरोबरच ते कोणाला लिहावे, त्याची पोच कशी घ्यावी, सोबत आणखी कोणाची सही घ्यावी, संघटना किंवा कायदा आपल्या बाजूने कोठे उभा राहतो, हेही शिकवावे लागेल. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये सुरक्षा समितीची आणि त्यात कामगारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद होती आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही ती आहे, हे व्यवसाय संप्रेषणाच्या तासाला का सांगू नये?

जाता जाता आमच्याच घरचे एक उदाहरण. मागच्या वर्षी या विषयाच्या अभ्यासक्रमातील एक घटक बदलला, तेव्हा ते मला सत्र सुरू होऊन तीन आठवडे उलटल्यावर कळले, आणि कळवले ते शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका विद्यार्थ्याने, कारण त्याच्या मित्राच्या महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पत्रक आले होते. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना परिपत्रके पाठवावीत असे कोणालाच वाटलेले नव्हते.

विद्यापीठांच्या वाणिज्य आणि मराठी अभ्यास मंडळांच्या सदस्यांनी एकत्र बसून या एका घटकाचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. चॅलेंजर आणि चरखी दादरीच्या चौकशांवर वर्गासाठी मी मराठीत तयार केलेले उतारे आणि त्यांवरचे प्रश्न माझ्याकडे आहेत. कोणत्याही महाविद्यालयाला ते हवे असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी ते विनामूल्य पाठवीन.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी व तासिका तत्त्वावरील अध्यापक,
नाशिक